माणूस कुठला? जिथे मोजला तिथला!

महानगरे वाढतात म्हणजे नेमके काय वाढते? आणि त्या वाढीत आपल्या घरातली माणसे कुठे धरली जातात? बालाघाटातल्या कटंगीपासून बेळगावपर्यंत लागू पडणारा हा हिशेब.

वाचकहो, कुणी आपल्याला कन्नडात 'निम्म ऊरु यावुदु?' असे विचारले किंवा मराठीत 'गाव कोणतं तुमचं?' म्हटले, तर आपण काय सांगतो? पुण्यात वीस वर्षे काढलेला माणूसही खानापूर, निपाणी, नाहीतर चिकोडी असे सांगून मोकळा होतो. जनगणनेला हे उत्तर पुरत नाही. माणसाचा जीव कोणत्या गावात अडकला आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. ठरलेल्या दिवसांत तो कुठे राहत होता, हे ती पाहते आणि तिथे त्याची नोंद करते. अशा कोट्यवधी नोंदी जोडून महानगरांचे मोठमोठे आकडे तयार होतात. वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'अमुक शहराची लोकसंख्या इतक्या टक्क्यांनी वाढली.' पण ती वाढ कुठून आली, कशी मोजली आणि कुणाच्या वाट्यातून वजा झाली, हे मात्र आपण विचारत नाही.

आपल्यासारखेच एक सीमेवरचे गाव

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात कटंगी हे तालुक्याचे गाव आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिले असेल. तरी त्याची गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि शेजारचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. तोवर बालाघाटकरांची राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. हा जिल्हा १८६७ मध्ये बनला तोच मुळी भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून. त्यामुळे पलीकडच्या भंडारा-गोंदियाशी सोयरिकी जुन्या. बाजारात हिंदी, काही घरांत मराठी, काही घरांत पोवारी, अशी बोलण्याची तऱ्हा.

राजधानी बदलली तरी पोटाची वाट बदलत नाही. मोठा दवाखाना, कॉलेज, कारखान्यातली नोकरी, बांधकामावरची मजुरी यांसाठी या पट्ट्यातली माणसे भोपाळपेक्षा कितीतरी जवळच्या नागपूरकडे पाहतात. कटंगी आणि तिरोडी यांना जोडणारा रेल्वेमार्ग पूर्ण झाल्यापासून तर तुमसर मार्गे नागपूरची वाट आणखी सोपी झाली आहे. म्हणजे राज्य एक, महानगर दुसऱ्याच राज्यातले. मुलगा पुण्याला, मुलगी मुंबईला आणि सातबारा इथला, अशी स्थिती असलेल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

एकाच घराचे तीन आकडे

समजा, कटंगीजवळच्या एका खेड्यात आठ जणांचे कुटुंब आहे. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, दोन नातवंडे. थोरला मुलगा नागपूरजवळच्या बुटीबोरीत कारखान्यात आहे. बायको आणि मूल घेऊन तो तिथेच भाड्याच्या खोलीत राहतो. धाकटा भाताची कापणी आटोपली की नागपुरात बांधकामावर जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततो.

आजोबांना विचारा, ते म्हणतील, "आम्ही आठ." शिधापत्रिकेवरही आठ नावे असू शकतात. मतदारयादीत मुले नसतात, म्हणून तिथे सहा. आणि जनगणनेत?

२०११ च्या जनगणनेत ९ ते २८ फेब्रुवारी या काळात प्रगणक घरोघर गेले. जो माणूस एरवी त्या घरात राहतो आणि या काळात कधी ना कधी तिथे होता, तो त्या घरात धरला गेला. जो पूर्ण काळ बाहेर होता, तो घरी धरायचा नाही, जिथे सापडेल तिथे धरायचा. १ ते ५ मार्च या काळात पुन्हा फेरी मारून मधले जन्म-मृत्यू दुरुस्त केले गेले. बेघर माणसे २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजली गेली.

या नियमाने आपल्या कुटुंबातले चौघे खेड्यात धरले जातील आणि तिघे बुटीबोरीत. धाकट्याचे काय? तो नागपुरातल्या एखाद्या अर्धवट इमारतीखाली पत्र्याच्या खोपट्यात असेल. प्रगणक तिथवर पोचला तर तो नागपूरचा. नाही पोचला, तर तो कुठलाच नाही.

ही शंका काल्पनिक नाही. जनगणनेनंतर सरकार स्वतःच नमुना तपासणी करते. २००१ आणि २०११ या दोन्ही वेळी दर हजारी सुमारे २३ माणसे मोजायची राहून गेल्याचे त्या तपासणीत आढळले. गळती खेड्यांपेक्षा शहरांत जास्त असते. कारणे सोपी आहेत. शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, घराला दिवसभर कुलूप असते आणि मजूर एका जागी टिकत नाही. म्हणजे सर्वांत वेगाने वाढणाऱ्या वस्तीतच मोजणी सर्वांत कच्ची राहते.

वाढीच्या तीन वाटा

कोणत्याही शहराची लोकसंख्या तीनच वाटांनी बदलते. पहिली, जन्म वजा मृत्यू. दुसरी, आलेले वजा गेलेले. तिसरी वाट आपल्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे शहराची हद्द बदलणे. माणूस जागचा हलत नाही, पण सरकारी कागद निघतो आणि तो खेडूताचा शहरी होतो.

नागपूरचेच पाहा. महापालिका हद्दीत २००१ मध्ये २०,५२,०६६ माणसे होती, २०११ मध्ये २४,०५,६६५ झाली. दहा वर्षांत साडेतीन लाखांची भर, म्हणजे सुमारे १७ टक्के. पुढे २०१३ मध्ये हुडकेश्वर आणि नरसाळा हा भाग महापालिकेत आला. तिथली माणसे २०११ मध्येही होतीच, फक्त ती 'नागपूर शहर' या रकान्यात नव्हती. उद्या नवा आकडा येईल तेव्हा तो जुन्याशी ताडताना ही माणसे जुन्या बेरजेतही मिळवावी लागतील. नाहीतर हद्दवाढ ही लोकसंख्यावाढ म्हणून खपून जाईल.

आपला बुटीबोरीचा थोरला मुलगा तर महापालिकेच्या हद्दीत येतच नाही. तो नागपूर जिल्ह्यात मोजला जाईल, नागपूर शहरात नाही. शहराबाहेरच्या अशा पट्ट्याची आखणी पाहण्यासाठी २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. सातशेहून अधिक गावे आणि सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटरचा मुलूख त्याच्याकडे आहे. तेव्हा 'नागपूरची लोकसंख्या किती?' या प्रश्नाला महापालिकेचा एक, महानगर प्रदेशाचा दुसरा आणि जिल्ह्याचा तिसरा, अशी उत्तरे आहेत. तिन्ही खरी आहेत, पण एकमेकांच्या जागी वापरली की खोटी पडतात.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर क्षेत्राची व्याख्या दिली आहे. दहा लाखांवर लोकसंख्या आणि दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती वा लगतचा भाग मिळून बनलेला, राज्यपालांनी जाहीर केलेला प्रदेश. जनगणनेची भाषा निराळी. ती 'नागरी समूह' मोजते, म्हणजे मुख्य शहर आणि त्याला सलग चिकटून वाढलेल्या वस्त्या. शिवाय कागदावर ग्रामपंचायत असलेले गावही ती शहर मानू शकते. २०११ साठी अटी अशा होत्या : किमान ५,००० वस्ती, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. अशा 'जनगणना नगरां'ची संख्या देशभरात २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये सुमारे ३,९०० झाली. ग्रामपंचायतीचा सरपंच आहे, पण गावात नांगर दिसत नाही, अशी ही गावे.

मुंबई : मध्ये ओहोटी, काठावर भरती

हद्दीचा हा खेळ मुंबईइतका स्पष्ट कुठे दिसत नाही. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. ३३,३८,०३१ वरून ती ३०,८५,४११ वर आली. उपनगर जिल्हा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला. आणि ठाणे जिल्हा, ज्यातून २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, तो ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ वर गेला. ही वाढ ३६ टक्के भरते.

फक्त महापालिकेचा आकडा घेतला तर बृहन्मुंबई दहा वर्षांत जेमतेम ४ टक्के वाढली. 'मुंबई भरली, आता लोक येत नाहीत' असे म्हणून मोकळे व्हावे. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर धरून होणारा नागरी समूह पाहिला तर वाढ सुमारे १२ टक्के दिसते आणि एकूण आकडा १ कोटी ८४ लाखांच्या घरात जातो. गंमत म्हणजे या समूहात वसई-विरार नव्हतेच. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून २००९ मध्ये तिथे महापालिका झाली आणि २०११ मध्ये १२,२२,३९० लोकसंख्येचे स्वतंत्र शहर म्हणून ते मोजले गेले. विरारची लोकल रोज ज्यांना चर्चगेटला उतरवते ती माणसे मुंबईच्या बेरजेत नाहीत.

मोजणीचा काळही आकडा फिरवतो. १८९१ मध्ये मुंबईत ८,२१,७६४ माणसे होती. १८९६ मध्ये प्लेग आला. १९०१ च्या मोजणीत आकडा ७,७६,००६ वर उतरला आणि १९११ मध्ये ९,७९,४४५ झाला. काही माणसे साथीत गेली, काही गावी पळाली आणि नंतर परतली. एकाच रात्रीचा आकडा हातात असेल तर यातले काय किती, हे उलगडत नाही.

जगातही हेच. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात जगातले सर्वांत मोठे शहर टोकियो होते, सुमारे ३ कोटी ७० लाखांचे. २०२५ च्या अहवालात पहिला क्रमांक जकार्ताला गेला, सुमारे ४ कोटी २० लाखांसह. सात वर्षांत जकार्तात एवढी माणसे कुठून आली? मुख्य फरक असा की, या वेळी प्रत्येक देशाची आपापली हद्द न घेता दाट सलग वस्ती कुठवर पसरली आहे, ही एकच मोजपट्टी सगळीकडे लावली गेली.

जिथून माणसे जातात तिथला हिशेब

महानगर फुगते तेव्हा कुठेतरी घर रिकामे होत असते. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्रात मुंबई शहराखेरीज आणखी दोनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. त्याच वेळी मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोकणातल्या घरांची कहाणी वेगळी सांगावी लागत नाही.

बालाघाटचा आकडाही बोलका आहे. २०११ मध्ये मध्य प्रदेशात हजार पुरुषांमागे ९३१ स्त्रिया होत्या, तर बालाघाटात १,०२१. नागपूर जिल्ह्यात हेच प्रमाण ९५१. बालाघाटातले प्रमाण केवळ पुरुष बाहेर गेल्याने वाढले असे म्हणता येणार नाही. तिथल्या आदिवासी आणि इतर समाजांत मुलीला मिळणारे स्थानही त्यामागे आहे. पण कामासाठी घर सोडणाऱ्या पुरुषांचा वाटा त्यात आहेच. त्या दशकात मध्य प्रदेश सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि बालाघाट १३.६ टक्क्यांनीच. जन्म कमी झाले की माणसे बाहेर गेली, हे या एका टक्केवारीवरून कळत नाही. त्यासाठी जन्म-मृत्यूची नोंद आणि स्थलांतराची कोष्टके जोडीला घ्यावी लागतात.

इथे आपल्या घरातला एक रिवाज मध्ये येतो, माहेरच्या बाळंतपणाचा. जन्माची नोंद १९६९ च्या कायद्याने जिथे जन्म झाला तिथे होते. कटंगीची सून नागपूरच्या दवाखान्यात बाळंत झाली तर दाखला नागपूरचा. निपाणीची लेक कोल्हापुरात बाळंत झाली तर दाखला कोल्हापूरचा. मोठे दवाखाने ज्या शहरात, तिथे जन्म जास्त दिसतात आणि भोवतालच्या तालुक्यांत कमी. नोंदीच्या अर्जात आईच्या राहण्याच्या गावाचा रकाना असतो तो यासाठीच. पण घाईत दवाखान्याचाच पत्ता किंवा नातेवाइकाचा पत्ता लिहिला गेला, की ते बाळ आकड्यांत महानगराचे होते.

बेळगाव आणि आपली भाषा

बेळगाव अजून दहा लाखांच्या व्याख्येत बसलेले नाही, पण वाट तीच आहे. २०११ मध्ये महापालिका हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार माणसे होती आणि लगतच्या वस्त्या धरून नागरी समूहात सुमारे ६ लाख १० हजार. मधली सव्वा लाख माणसे शहराचे रस्ते, बाजार, शाळा वापरत होती, पण शहराच्या मोजणीत नव्हती. शहराचे पाणी किंवा बस ठरवताना यातला कोणता आकडा घेतला, यावर पुष्कळ अवलंबून असते.

सीमाभागात लोकसंख्येची गोष्ट निघाली की भाषेची निघतेच. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली गेली ती. याशिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगता येतात. आई कन्नड बोलते आणि वडील मराठी, अशा घरातल्या मुलाला मातृभाषा कन्नड आणि येणारी भाषा मराठी असे निःसंकोच सांगता येते. आई मराठी असेल तर उलट. यात कुणाचा विजय नाही की कुणाची हार नाही. मात्र दुसरा रकाना रिकामा सोडला तर आपले घर दोन भाषांत नांदते ही गोष्ट नोंदीतूनच पुसली जाते.

कटंगीच्या बाजूला याचाच दुसरा प्रकार दिसतो. तिथली बाई मातृभाषा 'पोवारी' सांगते आणि २०११ मध्ये देशभरात सुमारे सव्वातीन लाख जणांनी तसे सांगितले. पण छापील कोष्टकात पोवारी हिंदीच्या गटात बेरीज होऊन जाते. तरी तिचा स्वतंत्र आकडा आज मिळतो, कारण सांगणाऱ्यांनी ते नाव सांगितले आणि प्रगणकाने ते जसेच्या तसे लिहिले.

जुन्या मापाचे कपडे

१८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली आपली जनगणना २०२१ मध्ये कोविडमुळे पुढे गेली. त्यानंतर जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार घरयादीचे काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि लोकांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून ठरली. बर्फाळ प्रदेशांसाठी हा दिवस १ ऑक्टोबर २०२६. या वेळी जातीची नोंद आहे, मोजणी मोबाईलवरच्या अर्जातून आहे आणि कुटुंबाला स्वतः माहिती भरण्याची सोयही ठेवली आहे.

मधल्या काळात कारभार २०११ च्याच आकड्यांवर चालला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना स्वस्त धान्य मिळेल, हे राज्यांना त्या आकड्यांवरून ठरवून दिले गेले. नंतर जन्मलेले मूल किंवा वेगळा झालेला संसार त्या मापात बसवताना ओढाताण होते. वाढत्या मुलाला दहा वर्षांपूर्वीचा सदरा घालावा तसे हे आहे. शहराच्या काठावर वाढलेल्या वस्तीत तर हा सदरा सर्वांत आधी उसवतो.

तज्ज्ञ अंदाज काढतात. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तज्ज्ञ गटाने २०३६ पर्यंतचे राज्यवार अंदाज दिले आहेत. पण राज्याचा अंदाज पुष्कळसा जुळतो, तालुक्याचा आणि वस्तीचा चुकतो, कारण खाली माणसांची ये-जा हीच मोठी गोष्ट असते आणि ती फक्त दारात जाऊन विचारल्यावर कळते.

घरात बोलून ठेवावे असे काही

• बाहेरगावी राहणारा मुलगा किंवा मुलगी दोन्हीकडे लिहिली जाणार नाही आणि दोन्हीकडून सुटणारही नाही, हे फोनवर आधी बोलून ठरवावे. 'गावचा मान' म्हणून इथे नाव घालू नये.

• हंगामी कामावर गेलेल्या माणसाला सांगून ठेवावे की कामाच्या जागी प्रगणक आला नाही तर मुकादमामार्फत चौकशी कर. सुटणाऱ्यांत तोच पहिला असतो.

• जन्मस्थान, आधीचे राहण्याचे ठिकाण आणि तिथून येण्याचे कारण हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात, पण स्थलांतर मोजण्याचे साधन तेच आहे. सुनांच्या बाबतीत 'लग्न' म्हणून भागते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर कामासाठी दुसऱ्या शहरात गेली असेल तर तेही नीट सांगावे.

• बाळाच्या जन्मनोंदीत आईच्या राहण्याचे खरे गाव लिहिले आहे ना, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी पाहावे.

• मातृभाषेबरोबर येणाऱ्या दोन्ही भाषा सांगाव्यात. लिहिलेले वाचून दाखवा म्हणायला संकोच करू नये.

ही कामे घरातल्या बाईच्या वाट्याला येतात, कारण दुपारी दार उघडणारी बहुधा तीच असते. कटंगीच्या त्या घरात ती धाकटी सून असेल. थोरला बुटीबोरीत आहे आणि आपला नवरा नागपुरात मजुरीला आहे, हे तिने कसे सांगितले, त्यावर एका खेड्याचा आणि एका महानगराचा आकडा थोडा थोडा ठरणार आहे. तिला आपली वाक्ये आधी ठाऊक असली पाहिजेत.